पाणबुडीवर सरकारची देखरेख असते, म्हणजे नेमकी कोणाची?

प्रश्न असा आला आहे: "स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार २००५ मध्ये झाला आणि सहावी पाणबुडी नौदलात आली २०२५ मध्ये. मधली वीस वर्षं मंत्रालय, नौदल, कॅग, संसदेची समिती असे सगळे लक्ष ठेवून होते म्हणतात. मग ही देखरेख म्हणजे नुसते कागद रंगवणं का? आणि हे काम सरळ खाजगी कंपनीला देऊन टाकलं तर प्रश्न सुटेल का?"

प्रश्नातला वैताग मला कळतो. माझी सव्वीस वर्षं युद्धनौका आणि पाणबुड्यांच्या तपासणीत गेली. आधी पुरवठादारांच्या कारखान्यांत आणि नंतर गोदीत. म्हणजे ते कागद रंगवणारे आम्हीच. रंगवलेल्या कागदांपैकी बरेच कोणी पुन्हा उघडलेही नसतील, हे आधीच कबूल करून टाकतो.

पण खरा प्रश्न देखरेख होती की नव्हती हा नाही. ती भरपूर होती. ती कशावर होती आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार कोणाकडे होता, हा खरा प्रश्न आहे. 'सरकारची देखरेख' म्हटलं की एकच डोळा समोर येतो. प्रत्यक्षात पैशावर नजर ठेवणारा वेगळा असतो, वेल्डिंगवर ठेवणारा वेगळा असतो. आणि सरकारनं स्वतः घ्यायचे निर्णय वेळेवर घेतले की नाही, हे बघणारा बहुतेक वेळा कोणीच नसतो. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की पाणबुडी बिघडते ती दुसऱ्या ठिकाणी आणि रखडते ती तिसऱ्या ठिकाणी, पण बोंब होते ती पहिल्याची.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी सांगतो. आराखडा स्वतःचा आहे की परवान्यावर घेतलेला, यानं तपासणीचा सगळा बाज बदलतो. दुसऱ्याचा आराखडा असेल तर आमच्यासारख्यानं 'ही जाडी एवढीच का?' असं विचारलं की उत्तर येतं, 'नकाशात तशी आहे म्हणून'. पहिली पाणबुडी आणि सहावी पाणबुडी यांनाही एकच माप लावता येत नाही. पहिल्या पाणबुडीला लागलेल्या वेळेत गोदीचं शिक्षणही धरलेलं असतं. त्यामुळे पुढे जे लिहितो ते आपल्याकडच्या पद्धतीच्या अनुभवावरून. बाहेरची उदाहरणं दिली आहेत ती पडताळ्यासाठी.

आपल्याकडची रचना अशी. गरज मान्य करते संरक्षण संपादन परिषद, म्हणजे डीएसी. मोठ्या खर्चाला मंजुरी देते मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती. पाणबुडी बांधते माझगाव डॉक, जी संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीतली सरकारी कंपनी आहे. ग्राहक आहे नौदल, तेही त्याच संरक्षण मंत्रालयात. गोदीत नौदलाची ओव्हरसिइंग टीम, म्हणजे देखरेखीचं पथक, बसलेली असते आणि गुणवत्ता तपासणीची यंत्रणा असते. कॅग येतो घटना होऊन गेल्यावर, संसदेची स्थायी समिती त्याच्याही नंतर. म्हणजे विकणारा, घेणारा आणि पैसे देणारा एकाच छपराखाली. उशीर झाला तर दंड करायचा कोणी कोणाला? एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकायचा. घरातल्या घरात भांडण मिटवतात तशी मुदतवाढ मिळते.

आता तळावर काय चालतं ते दाखवतो, कारण देखरेख म्हणजे काय हे तिथंच कळतं.

पाणबुडीचं खरं शरीर म्हणजे प्रेशर हल, आतला जाड पोलादी नळकांडा. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. तीनशे मीटरवर तीस पट. हा दाब सगळ्या बाजूंनी सारखा येतो, आणि तो सारखा पेलायचा तर छेद वर्तुळाकार हवा. थोडा जरी चेपलेला असला तरी दाबाखाली तो तिथूनच आत वळायला बघतो. दाबपात्रांच्या संहितांमध्ये वर्तुळापासूनचा फरक त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास ठेवायला सांगतात; तीन मीटर त्रिज्या धरली तर पंधरा मिलिमीटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण प्लेट वाकवताना थोडं, फ्रेम जोडताना थोडं आणि वेल्ड आकसताना थोडं करत करत ते पंधरा मिलिमीटर कधी संपतात कळत नाही.

हे माप आम्ही सकाळी लवकर घ्यायचो. वेल्डिंग झाल्या झाल्या घ्यायचंच नाही, पोलाद रात्रभर निवू द्यायचं. शिवाय शॉपचं मोठं दार पूर्वेला असेल तर नऊनंतर एका बाजूला ऊन येतं, ती बाजू तापते, आणि मापात असा फरक येतो जो संध्याकाळी पुन्हा गायब होतो. परिघावर खडूनं चोवीस खुणा, प्रत्येक खुणेपाशी एक आकडा. फोरमन शेजारी उभा राहून म्हणायचा, "साहेब, दोन मिलिमीटरनं काय होतंय?" तो चुकीचा नसायचा. दोन मिलिमीटरनं काही होत नाही. पण त्याला पुढच्या शिफ्टला हा सेक्शन, म्हणजे नळकांड्याचा हा तुकडा, हलवायचा असायचा आणि मला तो हलल्यानंतर पुन्हा मोजता येणार नसायचा.

तपासणीच्या आराखड्यात दोन शब्द असतात, विटनेस पॉइंट आणि होल्ड पॉइंट. विटनेस पॉइंटला तपासनीसाला बोलवायचं. तो नाही आला तरी काम पुढे जातं. होल्ड पॉइंटला त्याची सही झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. सरकारी देखरेखीचा सगळा दम या दुसऱ्या शब्दात आहे. कारण पाणबुडी आतून बंद होत जाणारी वस्तू आहे. सेक्शन जोडले, आत यंत्रांचे सांगाडे सरकवले, पाइप आणि केबल टाकल्या की मागच्या वेल्डपर्यंत हातही पोचत नाही. जहाजाची चूक धक्क्याला लावून दुरुस्त करता येते. पाणबुडीची चूक काढायची तर हल पुन्हा कापावा लागतो.

एक प्रसंग सांगतो. पुरवठादाराचं नाव देत नाही. बारा व्हॉल्व्ह बॉडी आल्या होत्या, समुद्राच्या पाण्याच्या लाइनवर बसणाऱ्या. कागद चोख होते. प्रत्येक बॉडीवर हीट नंबर पंच केलेला असतो, म्हणजे ती कोणत्या ओतातली हे कळतं, आणि तो प्रमाणपत्राशी जुळवायचा असतो. अकरा जुळल्या. बाराव्या बॉडीचाही जुळला, पण पंचाखालची जागा इतरांपेक्षा उजळ होती. बोट फिरवलं तर किंचित खोलगट. आधीचा नंबर ग्राइंडरनं घासून वर नवा मारला होता. मालक म्हणाले, "साहेब, आधीचा पंच नीट उमटला नव्हता, म्हणून पुन्हा मारला." खरंही असेल. मी ती बॉडी अडकवली. दुसऱ्या दिवशी प्रकल्प कार्यालयातून फोन, एका व्हॉल्व्हसाठी अख्खा सेक्शन अडकवता का म्हणून. पुन्हा नमुना कापला, रासायनिक आणि यांत्रिक चाचण्या झाल्या. सहा आठवडे गेले. निकाल आला, धातू अगदी बरोबर होता.

म्हणजे मी चुकलो का? त्या वेळी कॅन्टीनमध्ये बऱ्याच जणांचं तसं मत होतं. माझं आजही नाही. धातू वाईट आहे असं मी म्हणालोच नव्हतो. तो चांगला असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, एवढंच म्हणालो होतो. आणि मी टिकलो याचं कारण माझा बाणेदारपणा नव्हे. माझ्या वरिष्ठांचा गोपनीय अहवाल प्रकल्पप्रमुख लिहीत नव्हते, एवढंच कारण होतं. ते लिहीत असते तर सहाव्या दिवशीच व्हॉल्व्ह बसला असता.

हे सहा आठवडे कशासाठी, याचं उत्तर अमेरिकेनं १९६३ मध्ये फार महागात शिकलं. १० एप्रिलला 'थ्रेशर' ही अणुपाणबुडी खोल चाचणीत बुडाली, १२९ माणसं गेली. चौकशीचा निष्कर्ष असा की इंजिनरूममधला पाइपचा सांधा फुटला असावा. त्याआधी दुरुस्तीच्या काळात तिच्या चांदीच्या झाळणीच्या सांध्यांची अल्ट्रासोनिक तपासणी सुरू झाली होती. १४५ सांधे तपासले, त्यातले सुमारे १४ टक्के कमी दर्जाचे निघाले. पाणबुडीवर असे सांधे हजारोंनी होते. तरी तपासणी तिथंच थांबली आणि पाणबुडी समुद्रात गेली. तपासणारे होते, त्यांना दोष दिसलाही होता. थांबवायचं कोणी, हे मात्र ठरलेलं नव्हतं.

त्याच वर्षी त्यांनी सबसेफ नावाची पद्धत सुरू केली. तिचं मर्म नव्या यंत्रांत नाही. वेळापत्रक आणि पैसा ज्याच्या हाती, तांत्रिक निर्णय ज्याचा, आणि सुरक्षेची पडताळणी ज्याची, ही तीन वेगवेगळी माणसं ठेवली, आणि कोणी कोणाच्या ताटाखालचं मांजर राहणार नाही अशी व्यवस्था केली. शिवाय नियम असा की पुरावा नसेल तर काम झालेलंच नाही असं समजायचं. १९१५ पासून १९६३ पर्यंत अमेरिकेनं युद्धाबाहेर १६ पाणबुड्या गमावल्या होत्या. सबसेफ प्रमाणपत्र मिळालेली एकही आजवर गमावलेली नाही. १९६८ मध्ये बुडालेल्या 'स्कॉर्पियन'ला ते पूर्ण प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं.

पण लगेच दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कागदावरचा विश्वास वाढायचा. त्याच अमेरिकेत टाकोमाच्या एका फाउंड्रीत १९८५ पासून २०१७ पर्यंत पाणबुड्यांच्या पोलादी ओतीवांच्या चाचण्यांचे आकडे बदलले जात होते. बदलणारी व्यक्ती तिथलीच धातुतज्ज्ञ. उणे शंभर अंश फॅरनहाइटला चाचणी घ्यायची अट तिला मूर्खपणाची वाटायची. तिनं गुन्हा कबूल केला आणि २०२२ मध्ये तिला अडीच वर्षांची शिक्षा झाली. इतकी वर्षं प्रत्येक प्रमाणपत्र तपासलं गेलं असेल. पण प्रमाणपत्र तपासणं आणि नमुना स्वतःसमोर तुटताना बघणं यात फरक आहे. देखरेखीची माणसं कमी केली की पहिल्यांदा बंद होतो तो प्रवास. मग कारखान्यात कोणी जात नाही, कागद मात्र येत राहतात.

आराखड्यावरच्या देखरेखीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे तिचा बोलबाला कमी, कारण आपण बहुतेक आराखडे घेतले. स्पेननं एस-८० वर्गाची पाणबुडी स्वतः आखली. २०१३ मध्ये लक्षात आलं की वजन ७५ ते १०० टन जास्त झालंय, म्हणजे बुडी मारली तर वर यायची खात्री नाही. अमेरिकी कंपनीची मदत घेऊन ती सुमारे दहा मीटरनं लांबवावी लागली, आणि मग कार्टाहेनाच्या तळावरची जागा तिला पुरेना. पहिली 'इसाक पेराल' नौदलात आली २०२३ च्या नोव्हेंबरात. पाणबुडीत प्रत्येक वस्तूचं वजन नोंदवणारी एक वही असते. दर महिन्याला ती कोणी बाहेरच्यानं बघितली असती तर ही नामुष्की बरीच आधी कळली असती. अतिशय कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच ते सगळ्यात धाकट्या अधिकाऱ्याला देतात.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे, म्हणजे वीस वर्षांकडे. इथं मला गोदीची आणि तपासनीसांची बाजू घ्यावी लागेल, कारण उशिराचा मोठा वाटा दिल्लीतल्या टेबलांवर आहे.

सुरुवात १९८१ ला होते. जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला, दोन तिकडे कील शहरात बांधायच्या आणि दोन माझगावात. 'शाल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात आली. म्हणजे आपण पाणबुडी बांधायला शिकलो होतो. मध्ये १९८७ ला दलालीचं प्रकरण बाहेर आलं आणि पुढच्या दोन पाणबुड्या बारगळल्या. दलालीची चौकशी व्हायलाच हवी होती. पण तिच्यासोबत अख्खी बांधणीची साखळी बंद झाली. फ्रेंच आराखड्याच्या स्कॉर्पिनचं पहिलं पोलाद कापलं गेलं २००६ च्या डिसेंबरात. 'शंकुल'पासून मोजलं तरी बारा वर्षं. या काळात पाणबुडीच्या पोलादावर हात बसलेले वेल्डर निवृत्त झाले, काही आखातात गेले. पाणबुडीच्या वेल्डरचा परवाना ठरावीक काळ काम केलं नाही तर लॅप्स होतो, कौशल्याचंही तसंच. ब्रिटिशांचंही हेच झालं. 'व्हॅनगार्ड' वर्गाच्या पाणबुड्यांनंतर आराखड्याचं काम थांबलं, आणि पुढच्या 'अस्ट्यूट' वर्गाच्या वेळी अमेरिकेच्या 'इलेक्ट्रिक बोट' या कंपनीची माणसं बोलवावी लागली.

१९९९ मध्ये सरकारनं तीस वर्षांची योजना मंजूर केली, २४ पाणबुड्यांची. त्यातल्या सहा स्कॉर्पिनचा करार व्हायला २००५ उजाडलं. किंमत १८,७९८ कोटी रुपये आणि पहिली पाणबुडी २०१२ ला, असं ठरलं. करारात एक मोठी पोकळी होती. बरीचशी यंत्रसामग्री माझगाव डॉकनं नंतर वेगळी खरेदी करायची होती, ज्याला गोदीत एमपीएम म्हणतात. त्या सामानाचे भाव मागवले तेव्हा ते आधी सांगितलेल्या अंदाजाच्या फार वर निघाले. वाटाघाटी, फायली, पुन्हा वाटाघाटी. २०१० मध्ये खर्च २३,५६२ कोटींवर गेला आणि पहिल्या पाणबुडीची तारीख २०१५ झाली. 'कलवरी' प्रत्यक्षात आली १४ डिसेंबर २०१७ ला. या मधल्या काळात तळावर शेकडो होल्ड पॉइंट पाळले गेले असतील. पण करारावर सही करताना 'उरलेल्या सामानाचे पक्के भाव हातात आल्याशिवाय सही नाही' असा होल्ड पॉइंट कोणी टाकला नव्हता. पोलादाला जो नियम लावतो तो कराराला का लावत नाही, हे मला कधीच कळलं नाही.

टॉर्पेडोचं तर विचारूच नका. ज्या इटालियन टॉर्पेडोभोवती ही योजना होती, तो ज्या समूहाचा, त्याचं नाव हेलिकॉप्टर खरेदीच्या प्रकरणात आलं आणि २०१६ पर्यंत ती खरेदी रद्द झाली. पाणबुड्या जुन्या टॉर्पेडोंवर निघाल्या. नव्या जड टॉर्पेडोच्या जोडणीचा फ्रेंच कंपनीशी ८७७ कोटींचा करार झाला २०२४ च्या डिसेंबरात, सहावी 'वाघशीर' नौदलात येण्याच्या जेमतेम पंधरवडा आधी. आता सांगा, यात गोदीतला तपासनीस काय करणार होता? वेल्ड उत्तम होते.

प्रगतीच्या अहवालांबद्दल एकच सांगतो. '८५ टक्के काम पूर्ण' हे वाक्य दिसलं की सावध व्हावं. पोलाद आणि जड यंत्रं यांचं वजन जास्त, म्हणून टक्केही त्यांनाच जास्त मिळतात. केबल जोडणं, यंत्रणा एकमेकांशी बोलत्या करणं आणि समुद्रातल्या चाचण्या शेवटच्या पंधरा टक्क्यांत येतात, आणि वेळ तिथंच जातो. 'कलवरी' पहिल्यांदा चाचणीला समुद्रात गेली २०१६ च्या मे महिन्यात; नौदलात दाखल व्हायला त्यानंतर दीड वर्षाहून जास्त लागलं. यात वावगं काही नाही. वावगं हे की हप्ते बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यांना बांधलेले असतात, म्हणून सगळ्यांना सेक्शन लवकर बंद करायची घाई.

खाजगी कंपनीचं म्हणाल तर अमेरिकेत पाणबुड्या बांधणाऱ्या दोन्ही गोद्या खाजगीच आहेत. तरी नौदलाचे अधिकारी त्या गोद्यांत कायमचे बसलेले असतात, आणि तरी तिथल्या नव्या 'कोलंबिया' वर्गाची पहिली पाणबुडी वर्षाहून अधिक मागे पडली आहे. खाजगी गोदीचा एक फायदा मी मानतो. भांडण एका छपराखालचं राहत नाही, त्यामुळे दंड खरोखर वसूल होऊ शकतो. तपासनीस मात्र कमी लागत नाहीत, उलट दोन जास्त लागतात. एकच गोदी पाणबुडी बांधू शकत असेल तर ती सरकारी असो की खाजगी, करार मोडण्याची धमकी पोकळच असते.

म्हणून लक्ष ठेवायचं असेल तर दोन ठिकाणी ठेवा. एक, कन्सेशनचं रजिस्टर. ठरलेल्या मापापेक्षा वेगळं काम स्वीकारलं की त्याला कन्सेशन म्हणतात. ते द्यावंच लागतं, मीही दिली आहेत. पण त्यावर शेवटची सही तांत्रिक अधिकाऱ्याची आहे की वेळापत्रक सांभाळणाऱ्याची, हे कॅगनं आणि स्थायी समितीनं विचारावं. मापं गुप्त असतील, सही कोणत्या पदाची हे गुप्त असायचं कारण नाही. आणि दुसरं, पी-७५ (आय), म्हणजे पुढच्या सहा पाणबुड्या. १९९९ च्या योजनेतलीच ही पुढची पायरी, तिची निविदा निघायला २०२१ उजाडलं. तिथं पहिल्या पोलादाच्या कापणीचे हारतुऱ्यांचे फोटो येतील, तेव्हा फक्त दोन तारखा शोधून बघा. टॉर्पेडोचा करार कधी झाला, आणि गोदीनं वेगळ्यानं घ्यायच्या सामानाचे भाव कधी पक्के झाले. त्या फोटोच्या आधीच्या असतील तर यावेळी दिल्लीतही कोणीतरी होल्ड पॉइंट पाळलाय.